फेरफार आणि पाठशुद्धी : लिनक्स कर्नलमधील मेमरी मॅपिंगच्या पॅचचे संहितालक्ष्यी वाचन

प्रास्ताविक

मराठीत ‘संहिता’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. वेदसंहिता, नाट्यसंहिता या प्रयोगांत तो ग्रंथपाठाचा वाचक आहे, तर दंडसंहिता, आचारसंहिता या प्रयोगांत तो नियमांच्या संचाचा वाचक आहे. संगणकाच्या आज्ञावलीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. ती यंत्राने पाळावयाची नियमावली असते, तशीच ती माणसांनी लिहिलेला, माणसांनी वाचावयाचा आणि माणसांनीच पुनःपुन्हा दुरुस्त करावयाचा मजकूरही असते. असे असूनही मराठी समीक्षेने आज्ञावलीकडे मजकूर म्हणून क्वचितच पाहिले आहे. संगणकविषयक मराठी लेखनात इतिहास, व्यक्तिचरित्रे आणि तंत्राची ओळख यांना जागा मिळाली, पण मूळ पाठ समोर ठेवून त्यातील एखादी दुरुस्ती चांगली की वाईट, याची चर्चा झाली नाही.

अन्यत्र अशा वाचनाची परंपरा आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७०च्या दशकात युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीची सुमारे नऊ हजार ओळींची मूळ आज्ञावली विद्यार्थ्यांसाठी क्रमांकित करून छापली आणि तिच्यावर ओळवार भाष्य लिहिले. पुढे परवान्याच्या निर्बंधांमुळे हे भाष्य उघडपणे मिळेनासे झाले. ते छायाप्रतींच्या छायाप्रतींतून हातोहात फिरत राहिले आणि १९९६ साली रीतसर प्रकाशित झाले. मूळ ग्रंथ आणि टीका यांचे नाते ज्ञानेश्वरीपासून ज्यांच्या परिचयाचे आहे, त्या मराठी वाचकाला लायन्स यांचा उपक्रम परका वाटण्याचे कारण नाही.

तथापि लायन्स यांच्यासमोर असलेला पाठ स्थिर होता. लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, संहिता तशी नाही. २०२०च्या प्रारंभी तिच्या ओळींची संख्या सुमारे पावणेतीन कोटींच्या घरात होती, आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी तिची नवी आवृत्ती निघते. अशा वाहत्या पाठावर ओळवार टीका लिहिणे शक्य नाही. येथे समीक्षेला हाती धरता येईल असा घटक म्हणजे पॅच, अर्थात एक सुटी दुरुस्ती आणि तिच्या डोक्यावर असलेले तिचे गद्य निवेदन. प्रस्तुत लेखात कर्नलच्या मेमरी मॅपिंग या विभागातील काही पॅच निवडले आहेत. त्यांतील बहुतेक ‘साफसफाई’ या सदरात मोडतात. या साफसफाईला दुय्यम, हमालीचे काम मानण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. ती योग्य आहे काय, हा येथील प्रश्न आहे.

मौजे नाहूर आणि दोन पत्ते

मेमरी मॅपिंग म्हणजे काय, हे समजण्यासाठी मुंबईच्या पूर्व उपनगरांतील जमिनीचे दफ्तर उपयोगी पडते. मुलुंड पश्चिमेतील अनेक इमारतींचे रहिवासी आपला पत्ता ‘मुलुंड पश्चिम’ असा सांगतात. पत्र त्याच पत्त्यावर येते. मात्र त्याच इमारतीचा विक्री करारनामा उघडला की ‘मौजे नाहूर, तालुका कुर्ला’ आणि पुढे नगर भूमापन क्रमांक असा मजकूर दिसतो. वस्तू एकच, पत्ते दोन. एक राहणाऱ्याचा आणि दुसरा जमिनीचा. दोहोंचा मेळ दफ्तरात असतो, आणि तो बदलावयाचा झाल्यास फेरफाराची नोंद घालावी लागते.

संगणकात चालणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाला स्वतःचे असे पत्ते दिलेले असतात. ते आभासी असतात. प्रत्यक्ष स्मृती ठरावीक मापाच्या तुकड्यांत विभागलेली असते. नेहमीच्या इंटेल पद्धतीच्या यंत्रांत असा तुकडा, म्हणजे एक ‘पान’, ४०९६ बाइटचा असतो. कोणता आभासी पत्ता कोणत्या प्रत्यक्ष पानावर पडतो याची वही कर्नलकडे असते. दोन कार्यक्रम एकच पान दोन वेगळ्या पत्त्यांनी वापरू शकतात. एखादी संपूर्ण फाइल किंवा चित्रपडद्याची स्मृती कार्यक्रमाच्या पत्त्यांत आणून जोडता येते. ही जोडणी म्हणजे मॅपिंग. कार्यक्रमाने एखादा पत्ता उच्चारला आणि वहीत त्याची नोंद नसली, की ‘पेज फॉल्ट’ होतो. त्या वेळी कर्नल संबंधित उपकरणाच्या चालकाला, म्हणजे ड्रायव्हरला, विचारतो की या पत्त्यासाठी पान आहे काय. ड्रायव्हर पान शोधतो, नोंद घालतो आणि उत्तर परत पाठवतो. लेखाचा पुढील भाग या उत्तराभोवती आहे.

एका जागेत दोन भाषा

फॉल्टच्या प्रश्नाला ड्रायव्हरने द्यावयाचे उत्तर २०१८ पर्यंत साध्या पूर्णांकाच्या स्वरूपात असे. अडचण अशी, की कर्नलमध्ये पूर्णांकात उत्तर देण्याच्या दोन रीती प्रचलित होत्या. पहिली जुनी आणि सर्वत्र रुळलेली : शून्य म्हणजे यश, ऋण संख्या म्हणजे विशिष्ट चूक. दुसरी केवळ फॉल्टपुरती : निरनिराळ्या खुणांचे बिट, ज्यांतून ‘स्मृती संपली’, ‘पान आधीच बसवले आहे’, ‘हा पत्ताच अवैध आहे’ असे अर्थ निघतात. पान वहीत घालणारी मदतनीस कार्ये पहिल्या भाषेत बोलत. फॉल्टचे उत्तर मात्र दुसऱ्या भाषेत अपेक्षित असे. मधले भाषांतर प्रत्येक ड्रायव्हरने आपापल्या परीने करावयाचे.

परिणाम काय झाला असेल, हे पाठचिकित्सेच्या कोणत्याही अभ्यासकाला न पाहताही सांगता येईल. चित्रपडद्यांचे ड्रायव्हर, फाइलव्यवस्था, ध्वनियंत्रणा अशा अनेक ठिकाणी त्याच भाषांतराच्या लहानमोठ्या नकला तयार झाल्या. कोणी तीन चुका ओळखल्या, कोणी दोनच. कोठे मदतनीस कार्याने सांगितलेली चूक वाचलीच गेली नाही आणि सर्व ठीक असल्याचे उत्तर गेले. संकलकाला, म्हणजे कंपायलरला, यात काहीच खटकत नसे, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही केवळ पूर्णांक. लहियाने ‘व’ आणि ‘ब’ सारखेच काढावेत आणि वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखावे, तशी ही स्थिती होती.

२०१८ साली कर्नलच्या ४.१७ या आवृत्तीत फॉल्टच्या उत्तरासाठी ‘व्हीएम फॉल्ट टी’ असे स्वतंत्र प्रकारनाम आणले गेले, आणि थेट दुसऱ्या भाषेत बोलणारी नवी मदतनीस कार्ये सोबत दिली गेली. भाषांतर आता एकाच जागी, एकदाच होणार होते. कल्पना एवढीच. खरे काम तिच्या अंमलबजावणीचे होते, आणि येथेच समन्वयाचा प्रश्न उभा राहतो.

कर्नल ही एकसंध सत्ता नव्हे. प्रत्येक उपविभागाचा पालक, म्हणजे मेंटेनर, वेगळा असतो, त्याची कामाची शाखा वेगळी असते आणि शिस्तही वेगळी असते. नव्या आवृत्तीसाठी सर्व शाखा लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडे सुमारे दोन आठवड्यांच्या खिडकीत गोळा होतात. स्मृतिव्यवस्थापनाचे पालकत्व दीर्घकाळ अँड्र्यू मॉर्टन यांच्याकडे राहिले आहे. उत्तराचा प्रकार एका फटक्यात सर्वत्र बदलला असता, तर डझनभर शाखांत एकाच वेळी संघर्ष उद्भवला असता आणि मधल्या काळात काहीच संकलित झाले नसते. म्हणून निवडलेला मार्ग संथ होता. नवे प्रकारनाम प्रथम पूर्णांकाचेच दुसरे नाव म्हणून घोषित झाले. त्यामुळे जुने व नवे शेजारी नांदू शकले. मग एकेका ड्रायव्हरला, एकेका फाइलव्यवस्थेला, तिच्या तिच्या पालकाकडे सुटा पॅच गेला. सर्व ठिकाणे पालटल्यावर २०१९ साली, ५.१ या आवृत्तीत, ते नाव खरोखरीचा वेगळा प्रकार झाले. त्यानंतर दोन भाषांची सरमिसळ करणाऱ्यास ‘स्पार्स’ हे तपासणीचे साधन हटकू लागले.

या शेकडो ओळींच्या कामात वाचनीय असे जे आहे, ते पॅचच्या निवेदनांत आहे. बहुतेक निवेदनांत एकच आशय ध्रुवपदासारखा येतो. तूर्त हे प्रकारनाम केवळ दस्तऐवजापुरते आहे, सर्व ठिकाणे पालटली की ते स्वतंत्र होईल. पॅचचे गद्य एरवी आज्ञार्थी असते (अमुक जोडा, तमुक काढा). येथे त्यात भविष्यकाळ शिरतो. प्रत्येक पालकाला सांगितले जाते, की तुमच्या घरात आज दिसणारा बदल जवळजवळ शून्य आहे, त्याचे प्रयोजन इतरांच्या घरांतील बदल पुरे झाल्यावर प्रकट होईल. अनोळखी माणसाच्या अशा वचनावर विसंबून इतक्या पालकांनी तो स्वीकारला, ही गोष्ट तंत्रापेक्षा संस्थेच्या स्वभावाविषयी अधिक सांगते.

या गद्याचा दोषही दाखवून दिला पाहिजे. जुन्या मदतनीस कार्यांऐवजी नवी वापरण्याचे कारण देताना अनेक निवेदनांत जुन्या रीतीला अकार्यक्षम म्हटले आहे. हे निदान उणे आहे. जुनी रीत मंद होती हा तिचा मुख्य दोष नव्हे, ती संदिग्ध होती. ज्या ड्रायव्हरमध्ये चूक गिळली जात होती, तेथील पॅच केवळ साफसफाईचा नव्हता, तो अर्थदुरुस्तीचा होता. ध्रुवपदाच्या एकसुरीपणात हा भेद झाकला गेला. पाच वर्षांनी एखादा अभ्यासक ‘या ड्रायव्हरचे वर्तन कधी बदलले’ हे शोधू लागला, तर त्याला निवेदनावरून दिशा मिळणार नाही. संपादकाने शुद्धलेखनाची दुरुस्ती आणि पाठाची दुरुस्ती एकाच खुणेने दाखवावी, तसा हा प्रमाद आहे.

चुकीचा पाठ राखून ठेवणे

याच मालिकेला लागून आलेले दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे. पानांचा एक संचच्या संच कार्यक्रमाच्या पत्त्यांत जोडावयाचा असला, की अनेक ड्रायव्हर एकेक पान घालणारे आवर्तन स्वतः लिहीत. कार्यक्रम ‘संचातील अमुक पानापासून पुढे’ असे विस्थापन सांगू शकतो. मागणी संचाच्या मर्यादेबाहेर जात नाही ना, ही तपासणी अशा वेळी अत्यावश्यक असते. ती चुकल्यास कार्यक्रमाच्या हाती दुसऱ्याची स्मृती लागू शकते. २०१९ साली ५.२ या आवृत्तीत ‘व्हीएम मॅप पेजेस’ हे सामाईक कार्य आले आणि आवर्तन व तपासणी दोन्ही एका जागी स्थिरावली.

परंतु पाठांची जुळवणी करताना एक गोष्ट ध्यानात आली. काही ड्रायव्हर विस्थापनाकडे मुळीच लक्ष देत नसत. कार्यक्रमाने काहीही सांगितले तरी ते पहिल्या पानापासूनच जोडत. हा बहुधा दोष होता, पण त्या दोषावर विसंबून चालणारा एखादा कार्यक्रम जगात कोठेतरी असू शकतो. कर्नलचा जुना नियम असा, की चालू असलेला वापरकर्त्याचा कार्यक्रम मोडू नये. अशा ड्रायव्हरांसाठी ‘व्हीएम मॅप पेजेस झीरो’ असे जुळे कार्य निर्माण केले गेले. ते विस्थापन नेहमी शून्यच धरते. निवेदनात हेतू स्पष्ट नोंदवला आहे. पुढे कधी या ड्रायव्हरांना योग्य वर्तनाकडे वळवावयाचे झाल्यास नावातील ‘झीरो’ हा शेवट काढला की पुरे, आणि त्यातून काही बिघडले तर तो परत लावता येईल.

येथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९१९ साली हाती घेतलेले हे काम १९६६ साली पुरे झाले. वि. सी. सुकथनकर यांनी १९२५ पासून १९४३ साली मृत्यू येईपर्यंत त्याची धुरा वाहिली. त्यांच्या संपादनरीतीचे मर्म असे, की हस्तलिखितांनी साक्ष दिलेला पाठ केवळ ओबडधोबड वाटतो म्हणून संपादकाने आपल्या बुद्धीने सुधारावयाचा नाही. शंकास्पद पाठ शंकेची खूण करून ठेवावयाचा आणि त्याचे भेद तळटीपांत द्यावयाचे. ‘झीरो’ हा प्रत्यय ही तशीच खूण आहे. तो वाचकाला सांगतो, की येथील पाठ संपादकाला मान्य नाही, पण परंपरेने आलेला आहे म्हणून राखला आहे. त्यापूर्वी हाच दोष निरनिराळ्या ड्रायव्हरांच्या आवर्तनांत निनावी पडून होता आणि मुद्दाम केलेल्या वर्तनापासून ओळखू येत नव्हता. साफसफाईने तो घालवला नाही. त्याला नाव दिले. मेमरी मॅपिंगच्या या मालिकेतील सर्वांत परिपक्व निर्णय कोणता असे विचारल्यास या प्रत्ययाकडेच बोट दाखवावे लागेल.

साम्य मर्यादित आहे, हे खरे. सुकथनकरांना मागे, मूळ पाठाकडे जावयाचे होते. कर्नलला मूळ पाठाचे कौतुक नाही, त्याला पुढे जावयाचे आहे. या दृष्टीने एकनाथांचे उदाहरण कदाचित अधिक जवळचे ठरेल. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती लोकांच्या पठणात असलेला ग्रंथ पठणयोग्य राहावा म्हणून, आणि शेवटी कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावूनही ठेवले. शुद्धी करणारा आणि भर घालणारा या दोन भूमिका वेगळ्या राखण्याचा हा आग्रह कर्नलच्या नियमांतही आहे. एका पॅचमध्ये एकच तर्कसंगत बदल असावा, साफसफाई आणि नवे वर्तन एकत्र करू नये.

अकरा वर्षांनी आलेली कबुली

साफसफाईला कमी लेखणाऱ्यांनी २०१६ सालचा ‘डर्टी काऊ’ हा प्रसंग अभ्यासावा. कर्नलमध्ये फाइलचे खासगी मॅपिंग केले असता कार्यक्रमाने लिहिण्याचा प्रयत्न केल्याबरोबर त्या पानाची स्वतंत्र प्रत केली जाते आणि लेखन प्रतीवर होते. मूळ फाइल अबाधित राहते. कर्नल स्वतः कार्यक्रमाच्या वतीने लिहीत असे, तेव्हा प्रत तयार झाल्यावर ‘लेखन करावयाचे आहे’ ही खूणच काढून टाकली जाई. अर्थात लेखन हे वाचन असल्याचे भासवले जाई. नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या धाग्याने प्रत टाकून दिली, तर कर्नलला मूळ पान मिळे, ते ‘वाचनासाठी’ म्हणून निमूटपणे दिले जाई आणि त्यावर लेखन होई. ज्या फाइलवर लिहिण्याची अनुज्ञा नाही ती सामान्य वापरकर्त्याला बदलता येई. हा दोष २००७ सालच्या आवृत्तीपासून वावरत होता आणि अँड्रॉइड फोनांनाही तो बाधक ठरला.

दुरुस्तीचा पॅच टोरवाल्ड्स यांचा स्वतःचा आहे. त्याचे निवेदन हा कर्नलच्या गद्याचा एक उत्तम नमुना मानावा लागतो. दोष प्राचीन असल्याचे ते सांगतात. आपणच अकरा वर्षांपूर्वी तो दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला होता व तो नीट जमला नव्हता, हेही सांगतात. आयबीएमच्या एस-३९० यंत्रांवरील अडचणीमुळे तो प्रयत्न मागे घेतला गेला, ती अडचण पुढे दूर झाली तरी दुरुस्ती परत आली नाही, आणि मधल्या काळात स्मृतिव्यवस्थेची क्षमता वाढल्यामुळे पूर्वी केवळ तात्त्विक वाटणारी शर्यत प्रत्यक्षात घडवणे सोपे झाले, असा क्रम ते मांडतात. जुन्या दोन्ही नोंदींचे निर्देश दिलेले आहेत. सबब नाही, आत्मताडनही नाही. पाठाचा इतिहास आहे.

उपाय पाहता येतो तोही एका शब्दाचे दोन अर्थ फोडण्याचाच. ‘प्रत झाली आहे’ यासाठी निराळी खूण निर्माण केली गेली आणि ‘लेखन’ ही खूण तिच्या जागी राहू दिली. म्हणजे येथेही रोग तोच होता, जो फॉल्टच्या उत्तरात होता. एका जागेत दोन आशय. पूर्वीच्या उदाहरणात त्यातून काही ड्रायव्हर गोंधळले, या उदाहरणात कोट्यवधी यंत्रे उघडी पडली. ही दुरुस्तीही पूर्ण नव्हती. मोठ्या आकाराच्या पानांच्या बाबतीत तिच्यात राहिलेली फट २०१७ साली उघडकीस आली. मजकुरातील संदिग्धता आणि यंत्राची असुरक्षितता यांत अंतर किती थोडे असते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागू नये.

पवईची पुनरुक्ती आणि कर्नलची पुनरुक्ती

नाहूरपासून फार दूर नसलेल्या पवईत, आयआयटी मुंबईत, पुनरुक्तीचा अभ्यास वेगळ्या अंगाने झाला आहे. प्रा. धनंजय धामधेरे यांचे संकलकांवरील संशोधन ‘आंशिक पुनरुक्ती’च्या निरसनाशी निगडित आहे. कार्यक्रम काही वाटांनी गेला असता तीच आकडेमोड दुसऱ्यांदा करतो. ती कोठे हलवली म्हणजे पुन्हा करावी लागणार नाही, हा तो प्रश्न. मोरेल व रेनव्हॉइझ यांनी १९७९ साली मांडलेल्या या समस्येत धामधेरे यांनी मोलाची भर घातली. त्यांचीच कार्यप्रणालींवरील पाठ्यपुस्तके महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आहेत.

ही पुनरुक्ती आणि कर्नलमधील साफसफाईची पुनरुक्ती यांत गल्लत होता कामा नये. संकलक जी पुनरुक्ती काढतो ती यंत्राच्या श्रमाची. मूळ मजकूर जसाच्या तसा राहतो, वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. कर्नलमधील दहा ड्रायव्हरांतील दहा आवर्तने एकत्र केली, तर यंत्राच्या वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. फरक पडतो तो पुढच्या वाचकाला, ज्याला दहा ठिकाणी मर्यादेची तपासणी आहे की नाही हे पाहण्याऐवजी एका ठिकाणी पाहावे लागते. एक गणित आहे, दुसरे संपादन. विद्यापीठीय कार्यप्रणालीच्या अभ्यासात पहिल्या प्रकाराला आणि पाने बदलण्याच्या एफआयएफओ, एलआरयू या रीतींच्या गणितांना भरपूर जागा आहे, कारण ती परीक्षेत विचारता येतात. दुसऱ्या प्रकाराला जागा नाही. विद्यार्थी कार्यप्रणाली आकृत्यांतून शिकतो, आणि आकृती कधीच कोणी दुरुस्त केलेली नसते.

नावाचा प्रश्न

संपादकाचे श्रम मोजावयाचे कसे, हा प्रश्न प्राध्यापकवर्गाला नवा नाही. यूजीसीच्या २०१० सालच्या नियमांनी गुणांकनाची जी सवय लावली, तिच्यात शोधनिबंधांची संख्या सहज मोजता आली. दुसऱ्याचा पाठ शुद्ध करण्यात गेलेल्या वर्षांना रकाना सापडणे कठीण गेले. कर्नलमध्येही पॅचची संख्या मोजली जाते आणि तिचा तसाच दुरुपयोग होतो. एखादी रिकामी जागा, एखादा अल्पविराम यांसाठी पॅच पाठवून नाव नोंदवणारे असतात. कर्नलच्या मार्गदर्शनात या प्रवृत्तीला आवर घालण्याचा प्रयत्न आहे. अशा केवळ बाह्य दुरुस्त्या नवशिक्यांनी ‘स्टेजिंग’ या विभागात कराव्यात, जुन्या चालत्या संहितेला त्यासाठी हात लावू नये, असे सुचवले जाते.

या सावधगिरीला आणखी एक कारण आहे. कोणती ओळ कोणी लिहिली हे दाखवणारी गिट या व्यवस्थेतील सोय शेवटचा हात लावणाऱ्याचे नाव दाखवते. साफसफाई करणारा ओळीचा नामधारी लेखक ठरतो आणि मूळ कर्ता एक थर खाली जातो. सातबाऱ्यावर फेरफारानंतर जुने नाव कंसात जाते, पण त्याच कागदावर दिसत राहते. गिटमध्ये ते दिसण्यासाठी मागे खणावे लागते. म्हणून साफसफाईचे निवेदन सकस असणे ही शिष्टाचाराची बाब नाही. खणणाऱ्याला वाटेत तेच भेटणार असते.

२००४ पासून प्रत्येक पॅचच्या शेवटी दायित्वाची स्वाक्षरी असते. पॅच ज्या ज्या पालकाच्या हातून वर गेला, त्याची स्वाक्षरी खाली जोडली जाते. तपासणाऱ्याचे, सुचवणाऱ्याचे, चाचणी घेणाऱ्याचे नाव वेगळ्या ओळींत येते. एससीओ कंपनीने २००३ साली केलेल्या दाव्याच्या पार्श्वभूमीवर ही पद्धत आली, म्हणजे तिचा उगम न्यायालयीन भीतीत आहे. तरी तिच्यातून कर्तृत्वाची जी सूक्ष्म वाटणी झाली, ती मराठी विद्यापीठीय प्रकाशनांतील ‘संपादक मंडळ’ या एका शब्दाहून कितीतरी प्रामाणिक आहे. अर्थात स्वाक्षरीने विश्वास निर्माण होतोच असे नाही. २०२१ साली मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी लहान, निरुपद्रवी दिसणाऱ्या पॅचमधून दोष घुसवता येतात काय, याची परीक्षा पालकांना न कळवता घेतल्याचे उघड झाले. त्या विद्यापीठाचे पॅच स्वीकारणे थांबवण्यात आले, जुने पॅच पुन्हा तपासावे लागले आणि शोधनिबंध मागे घेतला गेला. लहान दुरुस्ती सहज स्वीकारली जाते, कारण ती लहान असते. त्या संशोधकांनी नेमका याच विश्वासाचा उपयोग केला.

कुलपाचे नाव

शेवटचे उदाहरण २०२० सालचे आहे. एखाद्या कार्यक्रमाचे संपूर्ण मॅपिंग राखणाऱ्या कुलपाला ‘एमएमॅप सेम’ असे नाव होते आणि कर्नलमध्ये शेकडो ठिकाणी ते थेट उघडले-मिटले जाई. हे एकच कुलूप असल्यामुळे अनेक धाग्यांच्या कार्यक्रमात सर्वांना त्याच्यासाठी ताटकळावे लागे, ही तक्रार जुनी होती. पण कुलूप बदलावे तर शेकडो दारे बदलावी लागणार. ५.८ या आवृत्तीसाठी गूगलचे मिशेल लेस्पिनास यांनी केलेली मालिका या कोंडीवर आहे. तिने कुलूप बदलले नाही. कुलपाला हात लावण्याची रीत तेवढी बदलली. थेट उघडण्याऐवजी एका पातळ मध्यस्थ कार्यातून उघडावयाचे, एवढेच.

मालिकेची रचना पाहण्यासारखी आहे. बहुतेक ठिकाणे ‘कॉक्सिनेल’ या फ्रेंच बनावटीच्या साधनाने आपोआप पालटली. या साधनाला ‘असा पाठ दिसेल तेथे तसा करावा’ असा नियम दिला जातो. पुढचा पॅच साधनाच्या नजरेतून सुटलेल्या जागांसाठी आहे आणि तो हाताने केलेला आहे. यंत्राने केलेले आणि माणसाने केलेले असे दोन भाग वेगळे ठेवल्यामुळे तपासणाऱ्याला पहिल्या भागात केवळ नियम तपासावा लागतो आणि दुसऱ्यात प्रत्येक ओळ. त्यानंतर कुलपाचे नाव ‘एमएमॅप लॉक’ असे बदलते. नाव बदलल्यामुळे मध्यस्थाला चुकवून जुन्या रीतीने कुलपाला हात लावणारी एखादी ओळ उरलीच असेल, तर ती संकलितच होत नाही. नामांतर हीच तपासणी ठरते.

या मालिकेत कोणतीही नवी सोय नव्हती, वेगही वाढला नाही. तिच्यानंतर २०२३ साली, ६.४ या आवृत्तीत, मॅपिंगच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र कुलूप देण्याची जुनी आकांक्षा फॉल्टच्या मार्गापुरती सिद्धीस गेली. कुलपाकडे जाणाऱ्या वाटा आधीच एका दारात आणल्या गेल्या होत्या, ही गोष्ट त्या कामाच्या पाठीशी होती. श्रेय अर्थातच नव्या कुलपाला मिळाले. २०२०च्या मालिकेच्या अखेरीस मात्र आणखी एक पॅच आहे, ज्याचा यंत्राशी काहीच संबंध नाही. संहितेतील टिपांमध्ये जेथे जेथे कुलपाचे जुने नाव उल्लेखिले होते, तेथे तेथे तो नवे नाव घालतो. टिपा यंत्र वाचत नाही, संकलक त्या गाळून टाकतो. तो पॅच पाठवला गेला, तपासला गेला आणि स्वीकारलाही गेला.